आठ नंबरचं दार

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सिआव थिएन-फू यांची एकतीस वर्षं नाहीशी झाल्याचं लक्षात आलं.

ते जाऊन बावीस दिवस झाले होते आणि कारखाना त्या दिवशी पहिल्यांदाच उघडत होता. पत्र्याच्या छपराखाली मोजे विणणारी सोळा यंत्रं, पुढच्या खोलीत देवघर, मागच्या कोपऱ्यात टेबलावर एक करडा कॉम्प्युटर, एवढाच पसारा. विणायचं काम यंत्रं करत, पण काय विणायचं ते त्यांना कॉम्प्युटर सांगे आणि कॉम्प्युटरला थिएन-फूंनी सांगून ठेवलेलं होतं. सहाशे बारा नमुने. टाचेचा कुठला टाका सैल सोडायचा, सुजऱ्या पायाला घोट्याशी किती ढील द्यायची, सगळं त्यांनी स्वतः घालून आणि उसवून ठरवलेलं.

पहिल्या दिवसापासून थिएन-फूंच्या हाताखाली असलेल्या छ्वानकाकांनी कुलूप काढलं, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि नेहमीसारखे चहाचं पाणी ठेवायला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर पेरूच्या बागेचा फोटो नव्हता. तो फोटो शेठनी स्वतः काढून लावलेला होता. त्या जागी नुसता जांभळट कोरेपणा होता. नमुन्यांचा कप्पाच दिसेना.

थिएन-फूंची मुलगी पेइ-लान तेव्हा देवघरापाशी आईजवळ बसून सोनेरी कागदाच्या होड्या दुमडत होती. गेलेल्या माणसासाठी दर सातव्या दिवशी त्या जाळायच्या असतात, या पुढच्या सातव्यासाठी होत्या. बाहीला सुतकाचा तागाचा तुकडा टाचलेला. ती उत्तरेला शिंचूत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. कॉम्प्युटर रुसले की काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून त्यांची समजूत काढायची हेच तिचं काम. हाक आली तशी ती उठली, टेबलाशी बसली आणि कळा दाबून बघू लागली.

तिचा थोरला भाऊ मिंग मागे उभा होता. त्याने वडलांचा खण उघडला आणि रिकामा खण तिला दाखवला. निळ्या पुठ्ठ्याची वही नव्हती. पासवर्डापासून सगळं त्या वहीत होतं.

‘चाव्या दोघांकडे,’ मिंग म्हणाला. ‘बाबांकडे आणि काकांकडे. बाबा गेले.’

यंत्रांपाशी उभ्या असलेल्या नऊ बायकांनी हे ऐकलं. छ्वानकाकांनीही ऐकलं. त्यांच्या हातातल्या ताटलीत कप होते; ते त्यांनी न वाजवता खाली ठेवले.

मिंगच्या डोक्यात हे आजचं नव्हतं. पुढच्या गावातल्या मोठ्या कारखान्याचा माणूस काकांच्या दारात दोनदा दिसला होता, काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मिंगने तक्रारीचा कागद तिथेच लिहायला घेतला. लान त्याला म्हणाली, आजचा दिवस दे. गाव केवढं, तुला माहीत आहे. तू ठाण्यात पाऊल टाकलंस की संध्याकाळच्या जेवणाआधी घरोघर होईल. नंतर काका निर्दोष निघाले तरी त्यांचं नाव तू परत आणून देणार आहेस का? ज्या माणसाने तीनच आठवड्यांपूर्वी बाबांच्या शवपेटीला खांदा दिला, त्याचं?

मिंगने घड्याळाकडे पाहिलं.

‘पाच वाजता ठाण्यात जातो,’ तो म्हणाला. ‘नावाची जागा रिकामी ठेवत नाहीये. नाव लिहून ठेवतोय. खोडायचं असेल तर पाचच्या आत खोडून दाखव.’

२

मधल्या बावीस दिवसांत कॉम्प्युटरला हात लावणारा माणूस एकच होता. फान. तालुक्याच्या गावी त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. वडील गेल्याच्या नवव्या दिवशी मिंगनेच त्याला बोलावलं होतं, यंत्रणा कितपत धड आहे ते बघायला. काकांनी दार उघडून दिलं होतं आणि तो निघेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून होते.

दहा वाजता तो स्कूटरवरून आला. तिशीचा, बोलका, घरात सुतक आहे हे आठवून मध्येच आवाज खाली आणणारा. आल्याआल्या त्याने हात झटकले. काही पुसलेलं नाही, काही नेलेलं नाही. कॉम्प्युटर बंद होता तो चालू केला, साचलेले सगळे अपडेट घातले, बंद केला. बास.

‘नमुने दिसले होते?’ लानने विचारलं.

‘नाही ताई. सगळं कोरं होतं. मला वाटलं, शेठ दुसरीकडे ठेवत असतील. म्हातारी माणसं ठेवतात, बिस्किटाच्या डब्यात पेन ड्राइव्ह वगैरे.’

म्हणजे नवव्या दिवशीही कोरंच. मिंगने काकांच्या दिशेला पाहिलं. लान मात्र फानकडेच बघत राहिली. तिने त्याला चालू करण्यापासून बंद करण्यापर्यंत सगळं पुन्हा सांगायला लावलं, काही न गाळता. दुसऱ्यांदा सांगताना तो एका ठिकाणी अडखळला.

‘सुरुवातीला यादी येते ना, तीन सेकंद. कुठल्या डिस्कवरून चालू होऊ म्हणून. तेव्हा खालची एक ओळ ठळक होती. कुठल्या तरी जुन्या डिस्कची. मी म्हटलं, हे काहीतरी चुकलेलं दिसतंय. बाण दाबून वर गेलो, पहिली ओळ घेतली. पहिलीच बरोबर असते नेहमी.’

लानने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वडलांचा फोन आला होता. डिस्क किरकिर करायला लागली होती, त्यांनी नवी आणली होती. लान तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा चार दिवसांवर. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून, एका डोळ्याने पुस्तक वाचत तिने त्यांना नव्या डिस्कवर नवी यंत्रणा घालायला शिकवलं होतं. नमुने मी वसंतात येऊन हलवते, म्हणाली होती. तोवर जुन्या डिस्कवरच काम करा. कॉम्प्युटर सुरू होताना दाराशी एक दारवान असतो, बूट लोडर म्हणतात त्याला. आपोआप जुनीकडे घेऊन जा असं त्याला सांगून ठेवू.

वसंतात ती आली नव्हती. पुढे केव्हातरी विचारलं, तेव्हा वडील म्हणाले होते, सगळं नीट चाललंय. तिने त्याचा अर्थ आपल्या सोयीचा घेतला होता. कुणीतरी हलवून दिलं असेल.

तिने काळा पडदा उघडला आणि डिस्कांची यादी मागितली. एक नव्हती, दोन होत्या. पहिली जवळजवळ रिकामी, दुसरी काठोकाठ भरलेली. तिने दुसरी डिस्क जोडून घेतली आणि आतल्या फाइली मोजायची कमांड दिली.

सहाशे बारा.

देवघरातून आईने विचारलं, सापडलं का. लान हो म्हणाली. सगळं आहे, जागच्या जागी आहे, कुणी काही नेलेलं नाही.

मिंगने खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ बसला. त्याचा आवाज सकाळपेक्षा शांत होता, आणि त्यामुळेच तिला बरं वाटलं नाही.

‘नवव्या दिवशी हा फान म्हणतो खालची ओळ ठळक होती. म्हणजे तेव्हा रस्ता बरोबर होता. आज तो आपोआप कोऱ्या डिस्ककडे गेला. मधल्या तेरा दिवसांत कुणीतरी रस्ता फिरवला. आणि त्या तेरा दिवसांत किल्ली कुणाकडे होती?’

३

बारा वाजता बायका डबे घेऊन घरी गेल्या. आज यंत्रं सुरू होणार नाहीत, असं लाननेच सांगितलं होतं. जे जसं आहे ते तसंच राहू दे.

मिंगचं म्हणणं आता नीट बांधलेलं होतं. चोर घाईत असतो तेव्हा माल उचलतो, सावकाशीने करायचं असेल तर आधी लपवतो. सगळ्यांना वाटू दे की नमुने गेले, कॉम्प्युटर भंगारात जाऊ दे. मग भंगारातून ती डिस्क सहज उचलता येते. लानला यात तर्काची चूक सापडत नव्हती. हे कुणी केलं एवढंच तिला बघायचं होतं.

दारवानाला सूचना देण्याची फाइल असते, साधी, दहा-बारा ओळींची. त्यात एक ओळ अशी की सुरू होताना कितव्या दारातून आत न्यायचं. पुढे बरोबरीचं चिन्ह आणि एक आकडा. मोजणी शून्यापासून. बाबांच्या यादीत पाच ओळी होत्या. शून्यावर नवी डिस्क, मध्ये तीन दुरुस्तीच्या आणि तपासणीच्या, शेवटची जुनी डिस्क. शून्य, एक, दोन, तीन, चार. म्हणजे त्या फाइलीत चार हवा.

तिने फाइल उघडली. तिथे आठ होता.

‘आठ म्हणजे कुठलं दार?’ मिंगने विचारलं.

‘कुठलंच नाही. आठ नंबरचं दारच नाहीये. दारवानाला नसलेलं दार सांगितलं की तो मुकाट्याने पहिल्या दारातून नेतो.’

तिने आठ तसाच ठेवला. मग ही फाइल शेवटची कधी बदलली ते विचारलं. कॉम्प्युटरने तारीख सांगितली तेव्हा मिंगनेही ती वाचली.

अकरा मार्च. सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटं.

ती तारीख त्या घरात कुणाला सांगावी लागली नसती. त्या सकाळी आठ वाजता बाबांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं होतं. आई, मिंग आणि लान सातपासून दवाखान्याच्या बाकावर होते. मिंगने व्हेंडिंग यंत्रातून आणलेली कॉफी तिघांनीही प्यायली नव्हती. फानचं नावही तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

पण मार्चमध्ये आकडा बदलला असेल तर कॉम्प्युटर सप्टेंबरपर्यंत रोज बरोबर दारातून कसा गेला? नवव्या दिवशी फानला खालचीच ओळ ठळक कशी दिसली? एका ठिकाणी फाइल बोलत होती, दुसऱ्या ठिकाणी माणूस, आणि दोन्ही खरं असणं शक्य दिसत नव्हतं.

मिंगला ही अडचण वाटत नव्हती. त्याने बोटं मोजली.

‘बाबा आत. आपण तिघं बाकावर. काका त्या दिवशी केव्हा आले, आठवतंय?’

तिला आठवत होतं. काका दुपारी बाराला आले होते, धापा टाकत, हातात देवळातून आणलेला लाल ताईत.

‘सकाळभर ते कुठे होते,’ मिंग म्हणाला, ‘हे मी तरी आजवर विचारलं नव्हतं.’

५

छ्वानकाका मागच्या अंगणात पेट्या रचत होते. काम नव्हतं तरी रचत होते. त्यांनी तिच्यासाठी एक पेरू कापला, वर आलुबुखाऱ्याची पूड भुरभुरली आणि ताटली पेटीवर ठेवली. लहानपणी शाळेतून आली की ठेवायचे तशीच.

लानने आधी पुढच्या गावातल्या कारखान्याचं विचारलं. आले होते, काका म्हणाले. दोनदा. मुकादमाची जागा देत होते. नाही म्हटलं.

‘मग सांगितलं का नाही कुणाला?’

‘नाही म्हटलेल्या गोष्टीची दवंडी कशाला पिटायची? तुझा बाप अंथरुणावर. त्याला वाटलं असतं, जाऊ की नको विचारायलाच आलाय.’

हे ती लगेच मानू शकली. पण अकरा मार्चच्या सकाळचं विचारलं, तसे काका पेट्यांकडे वळले. देवळात होतो, म्हणाले. देऊळ सहाला उघडतं, ती म्हणाली, आणि तिथून दवाखाना अर्ध्या तासावर आहे. काकांनी वरची पेटी खाली घेतली, खालची वर ठेवली.

तिला त्यांचा राग येत होता. हा माणूस एक वाक्य बोलला असता तर दिवस इथे संपला असता. तीन वाजून गेले होते.

‘किती पेट्या आहेत?’ तिने काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

‘या रांगेत तीन, वर एक,’ काका म्हणाले. ‘त्या रांगेत सहा.’

ती आत यायला निघाली आणि यंत्रांच्या दोन ओळींमधून चालताना थांबली. प्रत्येक यंत्राच्या कपाळावर पांढऱ्या रंगात आकडा होता, काकांच्या हातचा. लहानपणापासून ती हे आकडे बघत आली होती, म्हणूनच आज पहिल्यांदा दिसले. एक, दोन, तीन, पाच. पुढे तेरा, पंधरा. यंत्रं सोळा होती आणि शेवटच्या यंत्रावर अठरा लिहिलेलं होतं.

असं तर सगळीकडेच असतं. ‘चार’ म्हटलं की ‘मरण’ म्हटल्यासारखंच ऐकू येतं, मग हा मरणाचा आकडा कोण कपाळी लावून घेईल? तिच्या शिंचूतल्या इमारतीतही तिसऱ्या मजल्यावर पाचवा. बाबांच्या दवाखान्यातही, त्या लिफ्टमध्ये.

ती टेबलाशी येऊन बसली आणि मनाशी एकेक गोष्ट मांडायला लागली. चोराला कोऱ्या डिस्ककडे रस्ता वळवायचा असता तर त्याने शून्य लिहिलं असतं. फानसारख्या जाणकारानेही शून्यच लिहिलं असतं. आठ हा आकडा लिहिणाऱ्याला दारं किती आहेत हे माहीत नव्हतं, आकडा कशासाठी आहे हेही नव्हतं. त्याला रस्ता वळवायचाच नव्हता. त्याला फक्त तिथला एक आकडा नको होता, आणि त्या जागी त्यातल्या त्यात चांगला, भरभराटीचा मानलेला आकडा हवा होता.

आणि हे मार्चमध्ये करून सप्टेंबरपर्यंत काहीच का झालं नाही, तेही तिला आता कळलं. तिने दारवानाच्या स्वतःच्या यादीची तारीख काढली. वडील गेल्याचा नववा दिवस, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. फानचे अपडेट.

चार वाजत आले होते. ती पुन्हा अंगणात गेली.

‘काका,’ ती म्हणाली, ‘वही द्या.’

६

साडेचारला मिंग कागद घडी घालून खिशात ठेवून उभा होता. फानला लानने थांबवून घेतलं होतं. आईने कागदाच्या होड्यांची परडी मांडीवरून खाली ठेवली नाही. छ्वानकाका दारातून आत आले तेव्हा त्यांच्या हातात निळ्या पुठ्ठ्याची वही होती, स्वच्छ पंच्यात गुंडाळलेली. ती त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यात होती.

मिंग काही बोलणार होता. लानने हाताने थांबवलं.

‘आधी ऐक. मग ठाण्यात जायचं तर जा.’

सूचनांची फाइल वेगळी आणि दारवानाची यादी वेगळी, हे तिने आधी सांगितलं. मालक कागदावर लिहून ठेवतो, पण दारवान तो कागद वाचत नाही. त्याच्याजवळ त्या कागदावरून बनवलेली एक यादी असते, तो तिच्यावरच चालतो. कागदावर काहीही बदला. ‘यादी नव्याने बांध’ अशी कमांड दिली नाही तर दारवान जुन्याच यादीने चालत राहतो. दिवस, महिने, कितीही. मार्चमध्ये कुणीतरी कागदावरचा चार खोडून आठ लिहिला आणि यादी बांधली नाही. म्हणून सहा महिने सगळं नीट चाललं. नवव्या दिवशी फानने चालू केलं तेव्हाही जुनी यादी होती, खालची ओळ ठळक होती, तो खरं बोलतोय. पण त्याने वरच्या दाराने जाऊन अपडेट घातले, आणि मोठे अपडेट घातले की शेवटी यंत्रणा आपणहून यादी नव्याने बांधते. तेव्हा मार्चमधला आठ पहिल्यांदा दारवानाच्या हाती लागला. आज सकाळी तो आठ नंबरचं दार शोधायला गेला, मिळालं नाही, पहिल्या दारातून शिरला.

फानने डोकं खाजवलं. ‘म्हणजे मीच की.’

‘तुम्ही नाही. तुम्ही फक्त कागद पोचवलात.’

तिने वही उघडली. वडलांचं गोल, सावकाश अक्षर. पायऱ्या ओळीने लिहिलेल्या होत्या, त्यांच्या पद्धतीने. एक: सुरू होताना वरची ओळ घ्यायची. दोन: काळा पडदा. तीन: पासवर्ड घालून फाइल उघडायची. पाच: शेवटचा आकडा लिहून जतन करायचं. पान तिथे संपत होतं. लानने पान उलटलं. मागे एकटीच ओळ होती. सहा: यादी नव्याने बांधायची कमांड.

‘काका,’ ती म्हणाली, ‘तुम्ही पान उलटलं नाहीत.’

छ्वानकाकांनी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

‘आदल्या रात्री मी त्याच्यापाशी होतो,’ ते म्हणाले. ‘खाली-वर करत होतो, चहा आण, काय आण. लिफ्टमध्ये बघितलं. तीन, मग पाच. एवढे शिकलेले डॉक्टर, एवढी परदेशी यंत्रं, तरी ते लोक चार ठेवत नाहीत. आणि मला आठवलं, आपल्याकडे आहे. तुझ्या बापाने वहीत लिहिलेला मी पाहिला होता. सगळ्या कारखान्यात एकच चार, आणि तो त्याच्या कॉम्प्युटरच्या दारातच. म्हटलं, उद्या त्याला कापणार आहेत. तो बाहेर येण्याआधी एवढं तरी काढून टाकू.’

सकाळी ते कारखान्यात आले होते. वहीत बोट ठेवून, एक एक अक्षर शोधून टाइप केलं होतं. नंतर कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पेरूची बाग आली, नमुने उघडले, यंत्रं चालली. झालं म्हणून ते देवळात गेले. शेठच्या टेबलाला हात लावायचा नाही हा एकतीस वर्षांचा शब्द मोडला होता, म्हणून कुणाला सांगितलं नाही. शेठ गेल्यावर वही उचलली. खणात पडून राहील, कुणी रद्दीत घालेल म्हणून. आज सकाळी पडदा कोरा दिसला तेव्हा त्या आठाचा आणि याचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सहा महिने चाललेली गोष्ट अशी कशी बिघडेल?

‘मग पेट्यांपाशी विचारलं तेव्हा का नाही बोललात?’

‘काय बोलू? आकडा बदलला आणि तरी तो गेला, असं?’

आईने परडीतली एक होडी उचलली, तिची दुमड बोटाने पुन्हा पक्की केली.

‘डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते,’ ती म्हणाली. ‘सहा मिळाले. तेवढं काम झालं म्हण तुझ्या आकड्याचं.’

मिंगने खिशातून कागद काढला. तो त्याने फाडला नाही, चुरगळला नाही. उलगडून टेबलावर ठेवला, पेन घेतलं आणि एका नावावर नीट, सरळ रेघ मारली. मग खुर्ची ओढून काकांना म्हणाला, बसा.

पाचाला सहा मिनिटं कमी होती.

४

सगळे उठून गेल्यावरही लान वही धरून बसली होती. पायरी पाचच्या शेजारी, समासात, वडलांनी बारीक अक्षरात आणखी काही लिहिलं होतं. ‘लान म्हणते शून्यापासून मोजायचं.’ खाली त्यांनी मोजलेलं होतं. शून्य, एक, दोन, तीन. आणि मग चार, जरा जोर देऊन, पेन दोनदा फिरवून.

त्या दिवशी फोनवर क्षणभर शांतता झाली होती, तिला आता आठवलं. कितवा आकडा आला, तिने विचारलं होतं, आणि ते लगेच बोलले नव्हते. तिला वाटलं होतं, मोजताहेत. जो येईल तो लिहा, ती म्हणाली होती, पान उलटता उलटता. बरं, ते म्हणाले होते.

वहीत पानांनाही नंबर होते. तीन, मग पाच. चार एवढ्या एकाच ठिकाणी.

छ्वानकाका चहाचे कप उचलायला आले आणि उभे राहिले. लानने त्यांना सांगितलं की आकडाच लिहायला हवा असं काही नाही. आकड्याऐवजी त्या ओळीचं नाव लिहिलं तरी दारवानाला चालतं. जुन्या डिस्कचं नाव लिहू, चार नको, आठ नको. पुढच्या आठवड्यात मी रजा घेऊन येतेच आहे, सगळं नव्या डिस्कवर हलवून टाकते. हे तिने म्हटलं आणि मग लगेच म्हणाली, ‘खरंच येते.’

काकांनी वहीतल्या समासाकडे पाहिलं. चष्मा नव्हता, वही लांब धरावी लागली.

‘तो घाबरट नव्हता असं नाही,’ ते म्हणाले. ‘गाडीचा नंबर त्याने तीनदा बदलून घेतला होता, माहीत आहे ना? आणि हे बघ, इथे लिहिलंय. तू सांगितलंस म्हणून लिहिलंय. अकरा वर्षं त्या दारातून रोज आत गेला.’ त्यांनी वही टेबलावर ठेवली. ‘राहू दे ते जसं होतं तसं.’

तिने फाइल उघडली, आठ खोडला आणि खुर्ची मागे घेतली. काका पुढे वाकले. आकड्यांच्या कळांवर त्यांचं बोट थोडा वेळ फिरत राहिलं, मग खाली आलं. लानने पान उलटून सहावी पायरी त्यांच्यासमोर धरली. ती कमांड त्यांनी एक एक अक्षर बघून टाइप केली. पडद्यावर दोन-चार ओळी सरकल्या आणि थांबल्या.

‘झालं?’

‘झालं. आता बंद करून चालू करा.’

पडदा काळा झाला. डिस्क किरकिरली, जुनीच, अकरा वर्षं जास्तीची चाललेली. मग यादी आली. पाच ओळी, तीन सेकंद.

काकांनी बोट वरच्या ओळीवर टेकवलं आणि खाली आणत गेले.

‘शून्य,’ ते म्हणाले. ‘एक. दोन. तीन.’

बोट शेवटच्या, ठळक ओळीवर आलं.

‘चार.’

पेरूची बाग उघडली.